गवती चहाची कॉफी

परवा सुनेने कॉफीवर जायफळ किसलं आणि कॉफीच्या त्या वासाबरोबर मी थेट माहेरी, दहिवलीच्या आमच्या ओटीवर जाऊन बसले.

बी.ए. झालेली घरातली मी पहिली. चौक गावचे पाहुणे मला बघायला येणार होते. नोकरी करू देतील तरच लग्न, हे मी घरात ठणकावून सांगितलं होतं. आपण खाऊनपिऊन सुखी दिसावं म्हणून बाबांनी कर्जतहून कॉफी आणली. आईने ती कधी केली नव्हती. तिने चहासारखीच उकळली, आलं आणि गवती चहा घालून.

मुलाचे वडील बशीतून घोट घेऊन थांबले. "काय घातलंय गं हिच्यात?"

"गवती चहा. आमच्याकडे कॉफी आजच पहिल्यांदा झाली," मी म्हटलं. आईने डोळे वटारले.

ते खो खो हसले. "मंग बरं झालं! आमी तरी कुठं पितो? म्हटलं, अशीच लागत असंल!"

सगळेच हसले. ऐपत दाखवायला आणलेल्या कॉफीने आम्हाला बोलतं केलं, हे आज कळतं. तेव्हा एवढंच वाटलं, की आता सांगून टाकावं.

"मला नोकरी करायचीय."

"कर की गं. शिकलीस ती काय चुलीपुढं बसायला?" त्यांनी बशी बाजूला सारली. "पन आता आमाला चहा दे."