मागं दुमडलेली विहीर

“हे चित्र आमच्या अण्णांनीच काढलंय. तेवढं सिद्ध करून दे बाबा,” असं म्हणून आक्कांनी फ्रेम माझ्या टेबलावर ठेवली.

मी जुन्या जालन्यात शेठच्या दुकानात फोटोफ्रेम करतो. सिद्ध करायचं काम कोर्टाचं. पण आक्का ऐंशीच्या, फ्रेम मांडीवर धरून टेंभुर्णीहून बसनं आल्त्या. न्हाई कसं म्हणणार?

त्यांचे वडील, म्हणजे अण्णा, दुसऱ्या महायुद्धात फौजेबरोबर इटलीला गेल्ते. लढाई थांबली की डोंगर रंगवत बसायचे. बाकीची चित्रं वाळवीनं खाल्ली, हे एकच उरलं. गावच्या शाळेत लावायचं ठरलं, तर हेडमास्तर म्हणले, “आक्का, हे तर कॅलेंडरचं दिसून राह्यलंय. सही कुठंय?”

सही खरंच नव्हती. बर्फाचा डोंगर, पडकं घर आणि उजव्या कडेला मधूनच कापलेलं झाड. मला तिथंच खटकलं. अर्धं झाड कोण काढतं?

भिंग लावलं. ती कड फुगलेली. म्हणजे कागद मागं दुमडलेला. पूर्वी रेडीमेड फ्रेमा देवांच्या फोटोच्या मापाच्या यायच्या. चित्र मोठं निघालं की कारागीर बिनधास्त दुमडायचे.

“शेठ, कोण येडपट असंल हो हा?” मी मालकाला विचारलं. वर त्यांच्याच आवाजात, तोंडात पान धरल्यासारखं म्हणलं, “चलता है! मागचं कोण बघतंय!”

आक्का हसल्या. शेठ हसले न्हाईत. मी फ्रेम उलटी केली. मागं आमच्याच दुकानाचं लेबल.

“गिऱ्हाईकाला जल्दी असंल,” शेठ पुटपुटले.

“गिऱ्हाईक मीच होते,” आक्का म्हणल्या. “तुम्हीच आठ दिवस लावले.”

मंग मी चुका काढल्या. चुका म्हणजे मागचे बारीक खिळे. जुना कागद दुमडीवर पापडासारखा होतो, ओढला की तुटतो. आणि पाण्याच्या रंगावर थेंब पडला तर डोंगर वाहून जाणार. म्हणून झाकणाच्या डब्यात खाली ओला टीपकागद, वर जाळी, जाळीवर चित्र. नुसती दमट हवा. दोन तासांनी कागद नरम पडला. बोथट सुरीनं दुमड उघडत गेलो. आक्का पापणी हलवंनात.

आधी उरलेलं झाड निघालं. कडुलिंब! त्याच्याखाली विहीर, मोट ओढणारे दोन बैल. इटलीच्या बर्फात! आणि कोपऱ्यात अण्णांची सही: किसन, टेंभुर्णी.

“ही आमची विहीर,” आक्का म्हणल्या. “तिकडं बसून इकडचीच काढली की वो अण्णांनी!”

नवी फ्रेम शेठनी स्वतः केली, पूर्ण मापाची. चित्र शाळेत लागलं. हेडमास्तर आता पोरांना विचारतात, बर्फात लिंब कसा काय?

मी एवढंच शिकलो. फ्रेम चित्राच्या मापाची करायची, चित्र फ्रेमच्या मापाचं न्हाई. आणि मालकाची नक्कल करायच्या आधी फ्रेम उलटी करून बघायची.