मस्कतला असतो

आमच्या गावात मुलगा आखातात असला की आई ते लपवत नाही. मतदारयादीवाला दारात आला तरी नाही.

चाचा माझा गाववाला, ओमानात सूरला गलबतं बांधणारा सुतार. त्याच्या आईनं यादीवाल्याला सांदणं खायला घातली आणि सांगितलं, मुलगा मस्कतला असतो. सूर तिला सांगायला पुरेसं वाटत नाही. यादीवाल्यानं सांदणं संपवली आणि नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं. मोहल्ल्यातल्या बहुतेक आयांनी असंच अभिमानानं सांगितलं होतं. ती सगळी नावं गेली.

मग तोच माणूस तीच वही घेऊन आमच्या वाडीत आला. माझ्या आईनंही तेच सांगितलं. त्यानं विचारलं, “गणपतीला येतो ना?” आई म्हणाली, येतो. माझं नाव राहिलं. ईदला येतो का, हे चाचाच्या आईला त्यानं विचारलं नव्हतं.

मी ओमानात आल्यापासून एकदाही मत दिलेलं नव्हतं. चाचा मात्र प्रत्येक विधानसभेला रजा टाकून गावी जातो. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, विचारतो, घरात कोण वारलं? कुणी नाही, मतदान आहे, असं चाचा सांगतो. अर्बाबला ते अजून पटलेलं नाही.

नाव गेल्याचं कळलं तेव्हा चाचा शुक्रवारी सूरहून मस्कतमधल्या वादी अदाईला माझ्या खोलीवर आला, कारण लॅपटॉप माझ्याकडे होता. परदेशातल्या मतदारांचा वेगळा फॉर्म असतो, तो भरायला बसलो. ओमानातला पत्ता हवा होता. चाचा राहतो तिथं रस्त्याला नाव नाही आणि घराला नंबर नाही. शेवटी ‘किनाऱ्यावर, गलबतांच्या कारखान्यामागे’ असं लिहिलं.

“नाव येल ना रे परत?” चाचानं विचारलं. “मोहल्ल्याची मताच नाय ऱ्हायली तर आमच्या जेटीच्या मागनीला कोन इचारनार?”

“इन्शाल्ला,” मी म्हणालो.

मतदान आलं तरी फॉर्मवर ‘पडताळणी सुरू’ एवढंच दिसत होतं. चाचानं तरीही रजा टाकली. मला लाज वाटली, म्हणून मीही तिकीट काढलं. त्यामागे दुसरं काही उदात्त नव्हतं.

शाळेतल्या केंद्रावर चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन उभा राहिला. टेबलावरचा माणूस त्याच्याच वर्गातला. त्यानं यादीवरून दोनदा बोट फिरवलं. “तुला ओळखतो रे, पण नाव नाही,” तो म्हणाला. चाचाच्या मागे मी होतो. माझं नाव लगेच सापडलं. मी राहतो कुठं, हे कुणीही विचारलं नाही.

बाहेर चाचानं माझं बोट धरून पाहिलं. “शाई चांगली लावलान,” म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना. थोडं चालल्यावर तो म्हणाला, “आईला बोलू नको हां. तिनंच सांगितलान म्हनून गेला, असा तिला वाटंल.”

दुपारी त्याच्याकडेच जेवलो. वाढता वाढता त्याच्या आईनं विचारलं, “दिलास ना मत?”

“दिला,” चाचा म्हणाला. डावा हात त्यानं मांडीखाली ठेवला होता.

तिनं माझं बोट बघितलं आणि तिचं समाधान झालं. मग दारात जाऊन ती शेजारणीला सांगू लागली, की दोघंही मस्कतला असतात, खास मत द्यायला आलेत.