क्रँकवरचं नाव

गोपिकाबाईचा कोणावरच भरवसा नव्हता असं नाही. देवावर होता. फक्त देवळात जाताना ती एक चप्पल या कोपऱ्यात काढायची आणि दुसरी त्या कोपऱ्यात. दूधवाला आला की आधी त्याच्या तोंडाकडे बघायची, मग दुधाकडे. घरातलं एकही भांडं बिननावाचं नव्हतं, चमच्यावरसुद्धा नवऱ्याचं नाव. त्याला कारणही होतं. लग्नातला जाड पितळी गंज तिनं एकदा कल्हईला दिला आणि परत आला तो हलका. कल्हईवाला म्हणाला, "काकू, हाच तुमचा." नावच नव्हतं, तर भांडायचं कशावरून?

तिचा नवरा रुपराव स्टेशन ते कामठी अँबॅसेडर टॅक्सी चालवायचा. साल चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तर असेल. गाडी निळा धूर ओकायला लागली, चढावर दम टाकायला लागली. शेवटी गोविंदा मिस्त्रीनं नंदनवनात त्यांच्याच अंगणात, निंबाखाली, इंजिन उतरवून उघडं केलं. आतला वाकडातिकडा जड दांडा पुसून त्यानं उन्हात धरला.

"भाऊजी, पिस्टन नवे लागतीन, ब्लॉकले बोरिंग लागते. पण क्रँक पाहा! कोरा हाये. आजवर याले मशीन लागली नाही. असा माल आता भेटत नाही. दहाची घासाई केली की झालं."

क्रँक झिजला की घासून गुळगुळीत करतात. पहिल्यांदा दहाचं माप, मग वीस, तीस, चाळीस. दर वेळी एक माप कमी होतं, चाळीसच्या पुढं भंगार. कोरा क्रँक म्हणजे गाडीला अजून चार जन्म, आणि तेवढीच वर्षं घरातली चूल. गोविंदानं हे सांगितलं ते ठीक, पण गोपिकाबाईच्या देखत सांगितलं. त्या दिवसापासून तिची झोप गेली.

पिस्टन घ्यायला ती नवऱ्यासोबत सीताबर्डीला गेली. दुकानदारानं दोन माल पुढं ठेवले, एक कंपनीचा, एक लोकल.

"डबा कंपनीचा हाये," ती म्हणाली, "आतला माल कोणाचा?"

"कंपनीचाच, बाई."

"मंग उघडा."

त्याला चारही पिस्टनचे डबे उघडायला लावले. पिस्टन वासावरून कळत नाही हे तिलाही ठाऊक होतं, तरी तिनं प्रत्येक हुंगला. रुपराव तेवढा वेळ रस्त्यावरच्या सायकली बघत उभा राहिला.

आता क्रँक घासायला ओमप्रकाशच्या कारखान्यात जाणार होता. तिथं आणखी दहा गाड्यांचे क्रँक भिंतीला टेकून असतात. सगळे सारखे, सगळे काळे. गोपिकाबाईला तो हलका गंज आठवला. गोविंदा जेवायला गेला आणि रुपराव चिलीम ओढायला, तेवढ्यात भांड्यांवर नावं घालणारा बळीराम गल्लीतून चालला होता. तिनं त्याला आत ओढलं.

"याच्यावर घाल नाव."

"याच्यावर? हे कोणतं भांडं होय, काकू?"

"तुले काय करा लागते? खोल घाल. अन् कोणाले सांगू नको."

बळीरामनं जागा विचारली. तिनं त्या दांड्यावरची सगळ्यात चकचकीत, गुळगुळीत गोलाई दाखवली. नाव नेहमी चकचकीत जागीच घालतात. त्यानं 'रुपराव' कोरलं, पण शेवटी छिन्नी घसरली आणि बाजूच्या काळ्या खडबडीत अंगावर विळ्यासारखा एक ओरखडा उमटला. गोपिकाबाईनं त्याला चहा न देता घालवलं आणि क्रँक पोत्यात गुंडाळून ठेवला.

चार-पाच दिवसांनी दोघं ओमप्रकाशकडे गेले, तर क्रँक आरशासारखा. गोपिकाबाई वाकून बघत राहिली. नाव कुठंच नव्हतं.

"अन् आता याच्यावर बसणारे बेअरिंग आणा वीसचे," ओमप्रकाश म्हणाला.

"वीसचे?" रुपराव दचकला. "गोविंदा तं दहा म्हणत होता."

गोपिकाबाईनं पदर खोचला. "काहून हो, आमचा क्रँक कुठं हाये?"

"हाच तर, भाभीजी."

"हाच तुमचा, असंच तो कल्हईवालाही म्हणे! आमच्यावर नाव होतं. याच्यावर नाही. अन् माप वीसचं. कोरा ठेवून घेतला अन् झिजलेला आमच्या गळ्यात!"

कारखान्यातलं यंत्र थांबलं. रुपराव हळूच म्हणाला, "कोणतं नाव वं?"

"तुमचंच."

"कुठं घातलं होतं?" ओमप्रकाशनं विचारलं.

तिनं बोट ठेवलं. ओमप्रकाशनं डोक्यावरची टोपी काढली आणि परत घातली. "भाभीजी, ते तुम्ही होता! मी म्हणलं कोण्या अनाड्यानं छिन्नी मारली. घासाई इथंच तर होते. दहात ते खड्डे गेलेच नाहीत, म्हणून वीस करावं लागलं. अन् एक गोलाई वीस केली की साऱ्याच वीस कराव्या लागतात."

रुपराव बायकोकडे बघत राहिला. पण ती लगेच मानणारी नव्हती. चोराजवळ उत्तर तयारच असतं, असा तिचा अनुभव. इतकं सोयीचं उत्तर तर नक्कीच खोटं.

मग तिला तो ओरखडा आठवला. ती खाली बसली. पदरानंच त्या बाजूचं काळं वंगण पुसलं आणि डोळ्यांपेक्षा बोटानं शोधलं. खडबडीत अंगावर, जिथं मशीन पोचत नाही तिथं, विळ्यासारखा वाकडा ओरखडा बोटाला लागला. नाव गेलं होतं, चूक राहिली होती.

"आपलाच हाये," ती म्हणाली. ओमप्रकाशकडे मात्र तिनं बघितलं नाही.

वाटेत रुपरावनं बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "चार जन्म होते गाडीले. एक नावातच गेला."

"तीन तं हायेत," ती म्हणाली. "अन् आपलेच हायेत."

इंजिन बसलं, गाडी सुरू झाली. गोपिकाबाई मागं उभी राहून धूर हुंगत होती. निळा नव्हता. तरी तिनं पुन्हा सुरू करायला लावली.

पुढल्या आठवड्यात बळीराम गल्लीत आला, तर तिनं त्याला हाक मारून चहा पुढं केला, वर दोन बिस्किटं. बळीरामनं कप हातात घेतला, आत बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा आत बघितलं.

"काकू," तो म्हणाला, "आधी तुम्ही प्या."