मागची डावी काच

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मी वारज्याहून बुधवार पेठेकडे निघाले. सोबतीला मागची डावी काच. ती सकाळपासून पार खाली जाऊन बसली होती आणि वर यायचं नाव घेत नव्हती.

गाडी माझी पहिलीच, बावन्नाव्या वर्षी घेतलेली. ती पाहायला साताऱ्याहून आत्या येत होती, चारला स्वारगेटला उतरणार होती. जिने मला सायकल शिकवली तिला मी गाडीतून घरी आणणार, या आनंदात आठवडाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. पण तिच्या कानाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, वारा लागता कामा नये.

घरगुती उपाय करून झाले होते. फ्यूज पाहिला, गाडी बंद करून चालू केली, बटणाशी गोड बोलले, मग त्याच्यावर ओरडले.

स्वारगेटच्या सिग्नलला कुणीतरी उघड्या खिडकीतून फ्लॅटची जाहिरात आत टाकली. शेजारच्या स्कूटरवरचे गृहस्थ वाकले.

"अहो, मागची काच उघडी आहे."

"बंद होत नाहीये."

"मग गाडी बाहेर कशाला काढली?"

प्रश्न बिनतोड होता. मला हसू फुटलं आणि सिग्नल सुटला तरी ते आवरेना.

बुधवार पेठेत सलीमभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं जुनं दुकान आहे. मी दारात गाडी उभी केली, तसे ते चष्म्यावरून पाहू लागले.

"इथे गाडी लावायची नाही."

"बिघडली आहे हो."

"बिघडलेलीही लावायची नाही. दुरुस्तीला आणली असेल तर लावा."

त्यांनी दाराला कान लावला, बटण दाबून पाहिलं. "मोटर ठीक आहे. काच उचलणारा रेग्युलेटरही ठीक आहे. काल पूजा केलीत?"

"केली की."

"कशाकशाची?"

इथे मी अडखळले. एकही अवयव सोडायचा नाही, असं आत्याने फोनवर बजावलं होतं. म्हणून चाकं झाली, स्टिअरिंग झालं आणि माझ्या दारावरची चारही बटणं झाली. प्रत्येकाला हळदकुंकू, प्रत्येकावर कुंकवात भिजवलेल्या अक्षता.

सलीमभाईंनी चिमट्याने बटणाच्या फटीतून एक लालभडक तांदूळ काढला. "हा बसला होता बटण दाबून. गाडी चालू केल्यापासून काचेला एकच हुकूम, खाली जा." मग ब्रशने कुंकू झाडून त्यांनी बटण वर ओढलं. काच सरसर वर आली. मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या.

"नैवेद्य आत भरवला नाहीत, हे उत्तम केलंत," ते म्हणाले. तांदूळ मात्र त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. "कचऱ्यात नको. झाडाच्या मुळाशी टाका."

चारला पाच मिनिटं कमी असताना मी स्वारगेटला हजर होते. आत्या कानाला मफलर गुंडाळून उतरली, मागे डावीकडे ऐटीत बसली आणि म्हणाली, "पूजा नीट केलीस ना?"

"एकही अवयव सोडला नाही."

मी हिमालयात जाऊन आले आहे, दोनदा समुद्रापार गेले आहे. पण त्या दिवशी वारज्याला परतताना जितकी खूश होते, तितकी कुठूनच परतताना नव्हते.

सोसायटीच्या फाटकाशी आत्याने मला थांबवलं. "काच खाली कर."

"आत्या, तुझा कान."

"कान मफलरात आहे. तोंड दिसू दे लोकांना. माझी भाची गाडी चालवतीये."

मी श्वास रोखून बटण दाबलं. काच गेली खाली. आत्याने रखवालदाराला, दूधवाल्याला, ओळख नसलेल्या दोन बायकांना हात केला. मग मी बटण वर ओढलं, आणि काच आली.

"पुन्हा एकदा कर," आत्या म्हणाली.