दसऱ्यापर्यंत थांबलेली रायफल

माझं बालपण पत्रकांच्या घड्या घालण्यात गेलं. पुण्यात बाबा आणि त्यांचे मित्र शस्त्रांविरुद्ध, मुहूर्तांविरुद्ध, पाणी विकणाऱ्यांविरुद्ध पत्रकं काढायचे आणि मी ती चौकात वाटायचे. शिक्षण संपवून न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनबाहेर चुलतभावाकडे राहायला आले आणि त्या घरात रायफलचा विषय निघाला, तेव्हा माझी बाजू ठरलेलीच होती.

विषय काढला वहिनीने. ऑफिस आठवड्यातून तीनच दिवस करून तिने घरामागच्या जमिनीत फिजोआ या पेरूसारख्या फळाची साठ रोपं लावली होती. पुढेमागे नोकरी सोडून यावरच जगायचं, असं तिच्या मनात होतं. ससे येऊन खोडांची साल कुरतडत. खोडाभोवती पूर्ण गोल कुरतडलं की रोप वाळतंच. मी जाळ्या सुचवल्या, होत्या तेवढ्या लावल्याही. त्या अर्ध्या झाडांनाच पुरल्या.

दादाकडे लायसन्स होतं. पोलीस घरी येऊन बंदुकीचं कुलपाचं कपाटही बघून गेले होते. प्रश्न एवढाच की तयार रायफल घ्यायची की सुटे भाग आणून जुळवायची. दादा जवळच्या ‘ते रापा’ भागातल्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. तयार वस्तूवर त्याचा विश्वास नाही. बॅरल एकीकडून, लाकडी दस्ता दुसरीकडून, दुर्बीण तिसरीकडून, असं त्याने ठरवलं. रात्रीच्या जेवणात तो फक्त बॅरलबद्दल बोलायचा.

"मला रायफल नकोय रे," वहिनी म्हणाली, "मला ससे नकोयत. तयार घेऊन ये."

मी दादाची बाजू घेतली. स्वतःच्या हातांनी केलेल्या वस्तूची किंमत वेगळी असते, बाजारात मिळेल ते निमूट का घ्यायचं, असं बरंच बोलले. पत्रकांची भाषा मला येतेच. दादा खूश झाला. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही: तयार रायफल याच आठवड्यात घरात आली असती, जुळवायला महिने लागणार होते.

ऑगस्टअखेर बॅरल दुकानात आल्याचा फोन आला. दादा म्हणाला, आता दसऱ्यालाच आणू, पूजाही होईल. गाडी त्याने पाडव्याला घेतली होती, या घराची चावी अक्षय्य तृतीयेला. वहिनीने माझ्याकडे पाहिलं. बाबांची पत्रकं तिला ठाऊक होती. आता ही पेटणार, असं तिला वाटलं असावं.

"चालेल की," मी म्हणाले.

दसरा दहा दिवसांवर आला असताना एका शनिवारी सकाळी वहिनी बराच वेळ आत आली नाही, म्हणून मी जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून मागे गेले. जाळ्या नसलेल्या ओळीत ती वाकून एकेक खोड चाचपत होती. बुंध्याशी पांढरी कडी दिसत होती. बावीस झाडं. ओल्या गवतात माझे पाय गार पडले होते.

"दादाचं मी समजू शकते," ती वर न बघता म्हणाली. "मुहूर्ताला तू कशी गप्प बसलीस?"

मी सगळं सांगितलं. मला घरात बंदूक नको होती, म्हणून जितका उशीर होईल तितका मी होऊ दिला.

"मग तसं म्हणायचंस. कडकडून भांडले असते तुझ्याशी आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्या जाळ्या आणल्या असत्या. मी तुम्हा दोघांच्या भरवशावर बसले ना."

मी गॅरेजमध्ये गेले. दादा दस्त्यावर पॉलिशपेपर फिरवत होता. त्याला झाडांचं सांगितलं, माझंही सांगितलं. तो चिडला नाही. दस्ता बाकावर ठेवून त्याने हात पुसले.

"आज सर्वपित्री आहे," तो म्हणाला.

"माहितीये. तयार घे आणि आजच घे."

दुपारी तो दुकानात गेला. वहिनी आणि मी जाळ्या आणल्या आणि उरलेल्या झाडांना अंधार पडेपर्यंत बांधल्या. बोलणं एवढंच: दुसरं टोक धर.

पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी दादाने पहिला ससा मारला. मी खोलीत जाऊन बसणार होते, पण मुद्दाम खिडकीशी उभी राहिले. एकच आवाज झाला. घरात बंदूक नसावी, असं मला तेव्हाही वाटत होतं, आजही वाटतं. वहिनीने आतून विचारलं, जेवतेस ना? मी ताटावर बसले. मग ताट तसंच बाजूला सरकवलं. तिने आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं.