कोऱ्या प्लेटवरचे सदतीस ठिपके

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. या सदरात लोक पिंपळ, सुनसान रस्ता, पांढरी साडी असलं काय काय लिहितात... मी वाचते आणि हसते. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेली बाई. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी मोजण्याचाच माझा धंदा. माझ्या अनुभवात साडी-बिडी काही नाही. जंतू वाढवायची एक प्लेट आहे, तळहाताएवढी.

नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं काम केलं. आमच्याकडे जहाजांचं सांडपाणी तपासायला यायचं. हसू नका. “नाशकात जहाज? रामकुंडात लावता का?” हा विनोद मी माहेरी, सासरी आणि किराणा दुकानातसुद्धा ऐकलाय. जहाजावरच्या संडास-बाथरूमचं पाणी तिथल्याच यंत्रात शुद्ध करायचं, क्लोरीन घालायचं आणि मग समुद्रात सोडायचं असा नियम आहे. ते खरंच शुद्ध होतं का, हे बघायला नमुने मुंबईकडच्या बंदरातून बर्फाच्या पेटीत घालून आमच्या गाडीने यायचे.

ते आणायचे काशिनाथभाऊ. पेठकडच्या डोंगरातला माणूस, दहावी नापास, पण काम इतकं चोख की आमच्या एमएस्सीवाल्यांनी शिकावं. नमुना घ्यायला त्यांना मीच शिकवलं होतं. पहिला धडा हा, की जंतूंच्या तपासणीची बाटली कधीही विसळायची नाही. तिच्यात आम्ही चिमूटभर औषध आधीच घालून ठेवतो, ते क्लोरीनचा जोर मोडतं. बाटली विसळली की औषध वाहून जातं. मग नाशिकला येईपर्यंत क्लोरीन बाटलीतल्या बाटलीत जंतू मारत राहतं, आणि घाणेरडं पाणीही रिपोर्टात सोवळं होऊन बसतं. बाहेरच्या माणसाला हे उलटंच वाटतं. त्याला वाटतं, विसळलेली बाटली स्वच्छ!

गेल्या वर्षी एका मोठ्या कंपनीच्या जहाजाचा नमुना नापास झाला. प्लेटवर जंतूंचे निळे ठिपके उगवले – सदतीस. मर्यादेच्या कितीतरी वर. सवयीने मी मोबाईलवर फोटो काढून ठेवला. दोन दिवसांत कंपनीच्या माणसाची तक्रार आली, “तुमच्या माणसाने बाटली साधी विसळलीही नाही, मी डोळ्यांनी पाहिलंय.”

सरांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं.

“मॅडम, बाटली विसळली नव्हती हे खरं ना?”

“खरं आहे सर, पण ती विसळायची नसतेच...”

“खरं आहे ना? मग तेवढंच लिहा.”

मी लिहिलं. ‘नमुना घेताना बाटली विसळलेली नव्हती.’ खाली सही. शब्द न् शब्द खरा, आणि इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात लिहिलेलं नाही. घराचे हप्ते, मुलीची फी... ही कारणं मी त्या वेळी स्वतःला दिली. आज तुम्हाला देत नाही.

काशिनाथभाऊंना त्याच दिवशी काढलं. ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“मॅडम, तुमीच सांगितलं व्हतं ना, इसळायची नाय म्हून?”

मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले होते. खाली काचपट्टीसुद्धा नव्हती.

मग नवा माणूस आला. त्याला सरांनी स्वतः शिकवलं – बाटली तीनदा विसळायची. जहाजं एकामागून एक पास व्हायला लागली. सगळीकडे आनंदीआनंद.

आता मूळ गोष्ट. नमुना लावायच्या आधी आम्ही एक कोरी प्लेट लावतो, तिला ब्लँक म्हणतात. नुसतं निर्जंतुक पाणी घालून ती इनक्युबेटरमध्ये, म्हणजे जंतू वाढायच्या उबदार कपाटात, ठेवायची. दुसऱ्या दिवशी ती कोरीच निघाली पाहिजे. तिच्यावर काही उगवलं तर लॅबच घाण, सगळे रिपोर्ट रद्द.

काशिनाथभाऊंना काढल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी इनक्युबेटर उघडला. नव्या जहाजाची प्लेट स्वच्छ होती. ब्लँकवर निळे ठिपके होते. मोजले. सदतीस.

म्हटलं, योगायोग. पाणी बदललं, जंतू ज्यावर वाढतात ते प्लेटमधलं माध्यम नव्याने बनवलं, सगळं दोनदा निर्जंतुक केलं. पुन्हा सदतीस. शेजारच्या टेबलावरच्या रूपालीला त्याच पाण्याने, त्याच बाटलीतून ब्लँक लावायला सांगितलं. तिची प्लेट चकचकीत, माझी निळी. मग मोबाईलमधला तो जुना फोटो काढून शेजारी धरला... ठिपके जागच्या जागी तेच होते. डावीकडे तीन चिकटलेले, कडेला एक मोठा, मध्ये मोकळी जागा. रूपाली बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, मला यात घेऊ नका.” ती जी उठून गेली, ती परत माझ्या टेबलाकडे फिरकली नाही.

सरांना सांगितलं. “ब्लँकला शून्य लिहा,” ते म्हणाले, आणि फोन घेतला.

तीन आठवडे मी शून्य लिहीत होते. रोज सकाळी सदतीस मोजायचे आणि शून्य लिहायचं. हात धुवून धुवून सालं निघाली. शेवटी एका दुपारी मी जहाजाच्या कंपनीला, वरच्या सरकारी खात्याला आणि सरांना एकच पत्र लिहिलं. नमुना घेणाऱ्याची काही चूक नव्हती, त्याने मी शिकवल्याप्रमाणेच नमुना घेतला होता, पाणी खरोखर नापास होतं आणि त्यानंतरचे सगळे रिपोर्ट फोल आहेत. सही केली, पाठवून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लँक कोरी होती. अकरा वाजता सरांनी मलाही घरी पाठवलं. पत्राला आजतागायत कोणाचं उत्तर नाही.

काशिनाथभाऊंचा फोन लागेना म्हणून मी पेठला गेले. घराला कुलूप. शेजारची म्हातारी म्हणाली, “द्राक्षावं गेली हायत, निफाडला.” वसाहतीतल्या एकाही लॅबने त्यांना उभं केलं नव्हतं. बाटली न विसळणारा माणूस म्हणून नाव झालं होतं.

निफाडजवळच्या एका बागेत ते मला सापडले, टोळीबरोबर घड काढताना. शेजारी त्यांची बायको, सुमनवहिनी. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं – ठिपके, पत्र, कोरी प्लेट. माफी मागितली. काशिनाथभाऊंनी हातातला घड क्रेटमध्ये नीट ठेवला आणि म्हणाले, “आता काय मॅडम... झालं ते झालं.”

सुमनवहिनींनी कात्री थांबवली नाही.

“मंग आता तुमच्या बशीत ठिपकं येत नाय?”

“नाही.”

“म्हंजी तुमचं निस्तरलं. आन यांचं कोन निस्तरनार?”

मी गाडीत येऊन बसले. ठिपक्यांचं स्पष्टीकरण मला आजही मिळालेलं नाही. दोन जुन्या प्राध्यापकांना फोटो दाखवले, दोघांनी खांदे उडवले. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा. सुमनवहिनींच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला तिथेच येत होतं. कोणी नाही.