बेबीआत्यानं सांगितलेला दुसरा भाग

इडलीच्या पिठाच्या डब्याचं झाकण टप्पकन उडतं आणि दुपारची शांतता मोडते. पीठ फुगून वर आलंय. उठून डबा फ्रीजमध्ये ठेवायला हवा. पण माझ्या दंडावर जुईचं डोकं आहे, आणि पाच वर्षांच्या पोरीचं झोपलेलं डोकं किती जड असतं हे ज्यांना माहीत आहे, ते मला उठ म्हणणार नाहीत.

दुसऱ्या हातात फोन आहे. माझ्या लहानपणीचा सिनेमा कुणीतरी फोनवर बघायला टाकलाय, ‘सात बेटं, भाग दोन’. त्याच्याखाली लोकांनी लिहिलेलं मी वाचतेय. पहिला भाग जुईनं इतक्यांदा पाहिलाय की तीन भावंडं आणि त्यांना होडीतून बेटांवर नेणारा म्हातारा बाबू तांडेल आमच्या घरात राहायलाच आलेत. तांडेलआजोबांना विचारल्याशिवाय ती भाजी खात नाही. उठल्यावर दुसरा भाग लावते, असं मी कबूल करून बसलेय. आणि लोक लिहितायत : ‘लहान मुलांना दाखवू नका.’ ‘पहिल्या भागातलं ऊन कुठे गेलं?’ ‘तांडेल बुडतो तिथे मी बंद केला.’

बुडतो?

तांडेल बुडत नाही. मी हा सिनेमा पाहिलेला नाही, पण मला पक्कं माहीत आहे. बेबीआत्यानं पाहिला होता. बेबीआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण, मला वाढवणारी. दुसरा भाग पोरांना सोसणारा नाही असा मिरजेत बोभाटा झाला, तेव्हा ती म्हणाली, आधी मी बघून येते. आली, दिवाणावर मांडी ठोकून बसली आणि वाऱ्याच्या आवाजासकट, इंटर्व्हलसकट अख्खी स्टोरी सांगितली. वादळात तांडेल पाण्यात पडतो, मुलं रडतात, आणि शेवटी तांडेल पोहत येतो, काखेत नारळ मारून!

विचारायचं तर कुणाला? मागच्या उन्हाळ्यात बेबीआत्या गेली.

फोन हळूच छातीवर कलंडतो. पंखा फिरतोय की लाटा येतायत, नीटसं कळत नाही.

“सरक की जरा,” कुणीतरी म्हणतं.

मी सरकते. पलंगाची कड खटकन खाली पडते, थिएटरातल्या दुमडत्या खुर्चीसारखी, आणि तिच्यावर बेबीआत्या बसते. फुलाफुलांचं पातळ, मांडीवर ओल्या शेंगांचा पुडा. आमच्या खिडकीचा पडदा भलताच रुंद झालाय.

“किती वाळलीस गं मंजे,” ती म्हणते. “पोरगी जेवू देत नाही वाटतं.”

“आत्या, तांडेल बुडतो?”

“आल्या आल्या हेच? चहा नाही, पाणी नाही.”

“बुडतो का ते सांग.”

ती शेंग सोलते. दाणे माझ्या तळहातावर ठेवते, टरफलं स्वतःच्या ओच्यात. “चल, बाहेर जाऊ,” म्हणते. “पब्लिक काय म्हणतंय बघू.”

आमच्या स्वयंपाकघराच्या दारातून आम्ही थिएटरच्या पायऱ्यांवर येतो. खेळ सुटलाय. माणसं डोळे बारीक करत उन्हात येतायत आणि आत्या कमरेवर हात ठेवून एकेकाला अडवतेय. ती नेहमी हेच करायची. तिला सिनेमाइतकंच सिनेमा बघून आलेलं माणूस बघायला आवडायचं.

“कसा काय वाटला ओ, काका?”

“कसला वाटतोय! सगळा अंधार. कोण मेलं तेसुद्धा बायकोला विचारावं लागलं.”

“तुम्हाला दिसलं होय ओ वहिनी?”

“मला दिसलं,” त्याची बायको म्हणते. “ह्यांना घोरताना कसं दिसणार?”

मागून एक बाई दोन पोरांना दंडाला धरून उतरतेय. “पहिला बघून ही दोघं होडी मागत होती. आता आंघोळीच्या बादलीलाही भितील! पोरांच्या पिक्चरमध्ये असं दाखवतात होय?”

“पहिला म्हणजे श्रीखंड होतं,” चष्मेवाले एक मास्तर थांबून सांगतात. “हा काढा आहे.”

“काढा अंगी लागतो मास्तर.”

“लागतो हो. पण कुणी काढा प्यायला रांगेत उभं राहतं का?”

सगळ्यात शेवटी एक बाई येते. डोळे सुजलेले, पदर तोंडावर. आत्या तिला अडवत नाही. ती उतरत असताना मला तिचा अंबाडा ओळखीचा वाटतो. पातळही. फुलाफुलांचं.

“ती तूच आहेस,” मी म्हणते.

“मग काय तर,” आत्या म्हणते. “तीनदा बघितला मी. घरात सांगायचे, भजनाला चालले.”

“एवढा आवडला?”

“आवडला काय... त्या सालात तुझी आई गेली, मंजे. माझी वहिनी नंतरची, आधी एका बाकावरची मैत्रीण. घरात तू. दिवसभर माझं तोंड बघत बसलेली, आत्या रडते का म्हणून. तुझ्यासमोर कशी रडणार? आणि तिथं अंधारात सगळेच रडत होते तांडेलासाठी. त्यात माझं खपून गेलं.”

पायऱ्या ओल्या झाल्यात. खाली रस्त्याच्या जागी पाणी आहे, शांत, आणि त्यावर कुणाच्या तरी चपला तरंगतायत. आम्ही पाण्यात पाय सोडून बसतो.

“आणि मला नारळ दिलास,” मी म्हणते.

“आणखी एक माणूस पाण्यात सोडून घरी कशी येऊ? येताना वाटेत सुचला नारळ.” तिला हसू फुटतं. “तू विचारलंस, एका हातानं पोहला का गं? घाम फुटला मला.”

मलाही हसू येतं. “मला न्यायला हवं होतंस. दोघी रडलो असतो.”

“होय गं,” ती लगेच म्हणते. “तेवढं राहिलं.”

मग माझ्याकडे न बघता, शेंग दातानं फोडत, “माझं काय सांगितलंस पोरीला?”

मी पायानं पाणी ढवळते.

“मंजे.”

“लांब सहलीला गेलीय म्हणून सांगितलं.”

“कसली सहल?”

“यात्रा कंपनीची.”

“अगं बया!” ती मांडीवर थाप मारते. “वर्ष होत आलं. कुठवर नेलीयस मला? रामेश्वर?”

“जुई विचारते, खाऊ काय आणणार.”

“म्हणजे तूसुद्धा नारळच दिलास की.” आता ती हसत नाही. माझ्या केसांवरून हात फिरवते, उलटा, लहानपणी फिरवायची तसा. “वाट बघत बसेल ती. मला नाही आवडणार कुणी माझी अशी वाट बघितलेली.”

आम्ही परत खुर्च्यांवर आहोत. कधी आलो कळलं नाही. पडद्यावर काळं पाणी उसळतंय, होडी काडीसारखी उभी राहतेय. तांडेलाचा हात डोलकाठीवरून सुटतो. आत्या माझं मनगट धरते. भीतीचा सीन आला की ती आधी माझं मनगट शोधायची. कोण कुणाला धीर देतंय ते कधी कळायचं नाही.

पाणी मिटतं.

“आता येईल वर,” मी सवयीनं म्हणते.

“नाही येत.”

पडद्यावर नुसतं पाणी. कितीतरी वेळ. तिची बोटं आवळत जातात, नखं रुततात.

“आत्या, दुखतंय.”

“दुखू दे,” ती म्हणते. “मी आहे.”

“आई! आई, लाव ना!”

जुई माझ्या पोटावर बसलीय. केस विस्कटलेले, गालावर माझ्या बाहीची घडी उमटलेली. फोन तिच्या हातात.

“लावते,” मी म्हणते. तिला सावरत उठून बसते. “दोघी बघू. पण आधी सांगते. यात तांडेलआजोबा बुडतात. परत येत नाहीत.”

ती फोन गादीवर ठेवते.

“आणि जुई, बेबीआजी सहलीला नाही गेली. मी खोटं सांगितलं. बेबीआजी वारली. तीही परत नाही यायची.”

“कद्धीच?”

“कधीच.”

तिचा खालचा ओठ थरथरतो. मी तिला जवळ घ्यायला हात पुढे करते आणि ती तो मध्येच धरते. माझ्या मनगटावर चार लाल कोरी उमटल्यात, नखांच्या, खोल. ती वाकून बघते. मग आपली बोटं एकेक करून त्यांवर ठेवून बघते. तिचा पंजा चिमुकला. दोन कोरींपर्यंतच पोचतो.

“ही नखं माझी नाहीत,” ती म्हणते.

“हं.”

“मग कुणाची, आई?”